खुर्ची अडते कुणाला?

ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा व्याख्यान असतं. वक्ता बहुधा पन्नाशीच्या आतला, हातात रिमोट, मागे पडद्यावर सूर्यास्ताचं चित्र. विषयाचं नाव दर वेळी वेगळं. कधी ‘सोनेरी संध्याकाळ’, कधी ‘सेकंड इनिंग’. सांगणं मात्र तेच. सामान कमी करा. जीभ आवरा. जुन्या सवयी मोडा, नवं काही शिका. आणि हसत राहा. समोरची मंडळी माना डोलावतात, चहा-बिस्किटं घेतात आणि घरी जातात. मग तेच रविवारच्या पुरवणीत छापून येतं आणि मंगळवारपर्यंत कुणाची तरी लेक किंवा जावई ते ‘बाबांसाठी खास’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकतो.

मी त्या माना डोलावणाऱ्यांच्याच रांगेत बसते, पण आता थोडं उलट बोलायची वेळ आली आहे. वक्त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुलांच्या प्रेमाबद्दल तर नाहीच नाही. माझी तक्रार आहे ती या सगळ्या उपदेशात न बोलता गृहीत धरलेल्या एका गोष्टीबद्दल. म्हाताऱ्या माणसाच्या आवडीनिवडी घरातल्या बाकीच्यांनी आवरायच्या, सुधारायच्या, वेळ पडली तर भंगारवाल्याला घालायच्या, असा अधिकार वयाच्या साठाव्या वर्षी आपोआप पुढच्या पिढीकडे जातो, हे ते गृहीत. तो कुणी दिला, कधी दिला, हे कुठल्याच पडद्यावर लिहिलेलं नसतं.

या मंडळींचं आवडतं शस्त्र म्हणजे वानप्रस्थ. ‘आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवलंय, वेळेवर मोह सोडावा.’ पूर्वजांनी नेमकं काय सांगून ठेवलंय ते बघायला मनुस्मृतीचा सहावा अध्याय उघडावा. मनूवर माझा काडीचाही लोभ नाही, पण दाखला त्यांनी काढला आहे, तर तो पुरता वाचू. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी, असं तिथे आहे. त्याच्याच पुढे असंही आहे की बायकोला मुलांच्या हवाली करावं किंवा बरोबर न्यावं (तिला विचारावं असं अर्थातच नाही), आणि निघताना आपला अग्नी व त्याची सगळी उपकरणं सोबत घ्यावीत. म्हणजे रानात निघालेल्या माणसालासुद्धा आपली रोजची पळी-पात्रं न्यायची मुभा होती. आमच्याकडे हॉलमधून आतल्या खोलीत मुक्काम हलवताना आजोबांना पानाचा डबा नेता येत नाही. शिवाय तो मनूचा गृहस्थ घर सोडून जातो तो आपल्या पायांनी. इथे माणूस आपल्याच घरात, पुष्कळदा आपल्याच नावावरच्या घरात बसलेला असतो आणि अरण्य त्याच्या खोलीत आणून सोडलेलं असतं.

पण वानप्रस्थाचा मुद्दा तोंडी लावण्यापुरता. खरा भर असतो पसाऱ्यावर. इथे वक्ते परदेशी दाखले काढतात. जपानच्या मारी कोंडो या बाईंचं नाव येतं. प्रत्येक वस्तू हातात घ्या, तिने आनंद होतो का स्वतःला विचारा, होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या. हल्ली स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांचंही नाव घेतात. त्यांचं पुस्तक २०१७ मध्ये इंग्रजीत आलं. मरणाआधी आपला पसारा आपणच आवरून ठेवावा, मागच्यांच्या डोक्यावर टाकू नये, ही त्या देशातली रीत त्यांनी त्यात सांगितली आहे. दोन्ही पुस्तकं वाचण्यासारखी आहेत. मला फक्त एवढंच वाटतं की ती व्याख्यात्यांनीही वाचावीत.

कोंडोबाईंची सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे आणि तो प्रश्न वस्तूच्या मालकाने स्वतःला विचारायचा आहे. आपल्याकडे सासूबाईंचा पितळी डबा सून हातात घेते, त्याने आपल्याला आनंद होत नाही असं तिच्या लक्षात येतं, आणि डबा जातो. (ज्यांना ही बाई म्हणजे शिस्तीची देवी वाटते त्यांच्या माहितीसाठी: तिसरं मूल झाल्यावर घर लख्ख ठेवण्याचा नाद आपण बराचसा सोडून दिला आहे, असं तिने स्वतःच २०२३ मध्ये सांगून टाकलं.) मॅग्नुसन तर पुस्तक लिहिताना ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्या आवरत होत्या ते स्वतःचं घर, स्वतःच्या हाताने, आपल्या चालीने. पत्रं आणि फोटो अगदी शेवटी हातात घ्या, नाहीतर तिथेच अडकून पडाल, असं त्या सांगतात. एक खोकं मात्र ठेवा, म्हणतात. त्यात फक्त आपल्यालाच ज्यांचं मोल आहे अशा बारीकसारीक वस्तू ठेवायच्या आणि वर ‘फेकून द्या’ असं लिहायचं, म्हणजे आपल्या माघारी कुणी न बघता ते टाकून देईल. त्यातली मेख बघा. ते खोकं फेकायचं आहे, पण माघारी. बाई जिवंत असेतोवर ते तिच्या उशाशीच राहणार. आपल्याकडे या पुस्तकाचा उपयोग आई देवळात गेली असताना माळा रिकामा करण्यासाठी होतो.

पुण्यातल्या माणसाने तरी पसाऱ्याबद्दल तोंड उघडण्याआधी बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात एक चक्कर मारावी. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे, १९२०च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या नादी लागले. गावोगाव हिंडून त्यांनी काय गोळा केलं? राजेरजवाड्यांचे मुकुट नव्हेत. दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या, पानदानं, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. घरोघरच्या बायका-पुरुषांनी रोज हाताळलेल्या वस्तू. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, तो सगळा सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांच्या घरातल्या त्या वस्तू बघायला आज तिकीट काढून लोक जातात आणि काचेआडच्या अडकित्त्यांपुढे उभे राहून ‘काय कलाकुसर होती पूर्वी’ म्हणतात. घरी आल्यावर त्यांच्याच आजीचा अडकित्ता ‘इथे कशाला लोळतोय’ म्हणून ड्रॉवरच्या तळाशी जातो.

प्रत्येकाच्या माळ्यावर संग्रहालय नसतं, हे मलाही कळतं. बहुतेक डब्यांत बिनडब्याची झाकणं असतात आणि दोऱ्यांच्या गुंडाळ्या या दोऱ्यांच्या गुंडाळ्याच असतात. वस्तू मौल्यवान आहेत म्हणून ठेवा, असं माझं म्हणणंच नाही. त्या वापरात आहेत, आणि कशा वापरात आहेत ते वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं, एवढंच मला दाखवायचं आहे.

आमच्या शेजारच्या काकांची खुर्ची घ्या. सागवानी, वेताने विणलेली, बैठक चांगली उंच, हात लांब आणि रुंद. उजव्या हातावर चष्म्याचं घर, वर्तमानपत्रातून कापलेलं शब्दकोडं आणि त्यावर वजन म्हणून गोळ्यांची डबी. डाव्या हातावर कप-बशीची जागा. तिथे पॉलिश उडून चहाची गोल खूण कायमची उमटलेली. वेत एका कोपऱ्यात तुटला होता, तिथे काकांनी स्वतः सुतळीने चार फेरे मारले होते. घराला रंग काढला तेव्हा मुलाने ती खुर्ची काढली आणि एल आकाराचा सोफा आणला. सोफा भारीतला आहे, यात वादच नाही. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्ही आता मस्त आरामात बसा. ती खुर्ची मधे मधे अडत होती.”

आता गंमत ऐका. सोफा मऊ आणि खोल. बसलं की बूड गुडघ्यांच्या खाली जातं. तिथून उठायचं तर सगळा भार मांड्यांवर येतो आणि नेमक्या त्याच मांड्यांत काकांच्या आता जोर नाही. जुन्या खुर्चीला घट्ट हात होते. दोन्ही तळवे टेकवून, पुढे झुकून ते झटकन उठत. सोफ्याला धरायला हात आहे तो एका टोकाला, आणि तिथे टीव्ही नीट दिसत नाही म्हणून नातू बसतो. तेव्हा काकांनी काय केलं? सोफ्यावर बसणंच सोडलं. आतल्या खोलीत पलंगावर पडून राहू लागले. शब्दकोडं पडून सोडवता येत नाही, तेही सुटलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, यांची हालचाल फार कमी झाली आहे, यांना जरा चालतं-फिरतं ठेवा. मुलाने बापाला मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं.

खुर्ची अडत होती, हे खरं. पण कुणाला?

ताटाकडे वळलं की विरोधकांचा आवाज चढतो, कारण इथे त्यांच्या बाजूला डॉक्टर उभा असतो. बाजू सगळी पोकळ नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड खरोखर थकलं आहे त्याने मिठाचा डबा लांब ठेवलाच पाहिजे. सुपारीबद्दल तर मी कुणाचीच वकिली करणार नाही. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते, हे जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी वीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं आहे. दात नाहीत म्हणून छोट्या खलबत्त्यात पान कुटून खाणारी म्हातारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. त्या कुटण्याचा आवाज मला आवडतो, सुपारी मला आवडत नाही. पान, चुना, बडीशेप, गुलकंद घालून बत्ता चालवा, माझी हरकत नाही.

पण डॉक्टरने एक म्हटलं की घरचे दहा करतात. ‘लोणचं जरा कमी’ याचं घरी पोचेपर्यंत ‘तिखट, तळलेलं, आंबट, गोड सगळं बंद’ होतं. मग सकाळी दुधी, संध्याकाळी दोडका, मधे पातळ ताक. वय वाढतं तसं नाक मंद होत जातं आणि चवीतला मोठा वाटा नाकाचा असतो, हे या घरच्या वैद्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कवळीने टाळू झाकली जाते. रोजच्या गोळ्यांनी कुणाच्या तोंडाला कोरड पडते, कुणाला सगळंच कडू लागतं. ज्या जिभेला आता जास्त चव हवी, तिच्यापुढे आपण बेचव ताट ठेवतो आणि मग विचारतो, ‘आईचं जेवण का कमी झालं?’ युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या एस्पेन या संस्थेने वृद्धांच्या आहाराबद्दलच्या ज्या सूचना २०१९ मध्ये छापल्या, त्यांत ही गोष्ट सरळ सांगितली आहे: म्हातारपणी खाणं घटेल अशी पथ्यं टाळावीत, कारण कुपोषणाचा धोका त्यापेक्षा मोठा असतो. व्याख्यानाच्या पडद्यावर ही ओळ मी अजून पाहिलेली नाही.

आमच्या आत्याबाई शेवटची काही वर्षं आमच्याकडे होत्या. पथ्याचं ताट पुढे आलं की त्या त्याकडे नुसतं बघत. एकदा मला म्हणाल्या, “अगं, एवढं जगून शेवटी दुधीच खायचा का?” मी त्यांच्या डॉक्टरांना नीट विचारलं, नक्की काय वर्ज्य आहे? मीठ जपायचं आणि साखर जपायची, एवढंच उत्तर आलं. बाकी सगळी बंदी आमच्या घरात तयार झाली होती. मग दुधीलाच हिंग-जिऱ्याची खमंग फोडणी बसली, वर लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. जवसाच्या चटणीत लसूण वाढला, मीठ निम्म्यावर आलं. आमसुलाचं सार कढत कढत वाटीत. सकाळी मऊ भात, त्यावर मेतकूट आणि अर्धा चमचा साजूक तूप. आत्याबाई काही त्यामुळे शंभरी गाठत्या झाल्या नाहीत, पण जेवल्या. आणि जेवताना पुन्हा नावं ठेवू लागल्या, सार पातळ झालंय, फोडणी जळलीय. ज्या घरात म्हातारं माणूस स्वयंपाकाला नावं ठेवतं तिथे काळजीचं कारण नाही. ते मुकाट्याने गिळू लागलं की खरी काळजी करावी.

रेडिओवरून तर वक्ते हमखास विनोद करतात. बाबांच्या हातात अजून तो खरखरणारा डबा! आता मोबाइलवर हवं ते गाणं हव्या त्या क्षणी लागतं. लागतं ना. पण ‘हवं ते’ लावण्यासाठी रोज उठून काय हवं ते ठरवावं लागतं. रेडिओचं सुख वेगळं आहे. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर काटा आणून ठेवला की पुढचं कुणीतरी दुसरं बघतं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी बातम्या लागल्या की आंघोळीचं पाणी तापलेलं असलं पाहिजे, अशी घरं मी पाहिली आहेत. ज्याने नोकरीतून निवृत्त होऊन घड्याळ गमावलं त्याच्या दिवसाला या ठरल्या वेळांचे खांब असतात. शिवाय ही आवड वरवरची नाही. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’तलं नवनवं गीत दर आठवड्याला येत होतं. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीचा आहे. त्याचा कान तिथे तयार झाला. त्याला तुम्ही ‘अपग्रेड’ व्हायला सांगता? आणि हे श्रोते गप्प बसणारे आहेत अशा भ्रमात कुणी राहू नये. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचं २०२३ च्या जूनमध्ये ठरलं, तेव्हा एवढी ओरड झाली की निर्णयाला स्थगिती द्यावी लागली.

‘नवं शिका’ या उपदेशाचा मात्र मला खरोखर राग येतो. नवं शिकणं वाईट म्हणून नव्हे. ज्याला साठीनंतर पेटी शिकायची, जर्मन शिकायचं, हिमालयात जायचं, त्याने जरूर जावं. हास्यक्लबातही जावं. मुंबईत १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारियांनी पाच माणसांना घेऊन सुरू केलेला तो प्रकार जगभर पसरला, त्या अर्थी लोकांना त्यात काहीतरी मिळत असणार. मला स्वतःला कारणाशिवाय हसता येत नाही, हा माझा दोष. राग येतो तो त्यामागच्या हिशेबाचा. जे नवं ते जिवंतपणाचं लक्षण, आणि जे जुनं, रोजचं, घरातलं ते गंज चढल्याचं. चाळीस वर्षं जोपासलेल्या कुंडीतल्या जास्वंदीला यंदा कोणतं खत मानवलं, मिलीबग कशाने गेला, हे ज्याला कळतं तो काय थांबलेला माणूस आहे? रोजचं शब्दकोडं सोडवताना कोडं रचणाऱ्याची खोड ओळखून ‘हा चार अक्षरी नदी आली की इंद्रायणी सोडून सगळ्या नद्या घालतो’ म्हणणाऱ्याच्या डोक्याला गंज चढला आहे? आवड मुरायला वेळ लागतो. तो वेळ ज्याने दिला आहे, त्यालाच आपण सांगतो की आता ते सोड आणि झुंबा कर.

इथे एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो व्याख्यात्यांकडून येत नाही, माझ्याच वयाच्या बायकांकडून येतो. ‘बाई, कुणाच्या आवडींबद्दल बोलतेस? आजोबांची खुर्ची, आजोबांचा रेडिओ, आजोबांचा चहा. आणि तो चहा करतं कोण?’ बरोबर आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. नोकरीतल्या पुरुषाला अठ्ठावन्नाव्या नाहीतर साठाव्या वर्षी नारळ मिळतो. ओट्यापुढच्या बाईला कधीच मिळत नाही. सकाळी नातवाचा डबा, दुपारी त्याला बसथांब्यावरून आणणं, संध्याकाळी त्याचा अभ्यास. छंद कुठला आणि कसला? पुरुषाचा छंद बायकोच्या श्रमावर पोसलेला असतो, हे मला शंभर टक्के मान्य आहे. काकांच्या खुर्चीच्या हातावरची चहाची ती खूण काकूंनी उठवलेली आहे.

पण यातून निघतं काय? काकांची खुर्ची काढून काकूंना सुटी मिळाली नाही. काकूंची काय चीज गेली ते बघा. दुपारी दोन ते चार त्या जुन्या साड्या फाडून गोधडी शिवत. ती दुपार आता ‘आई, तू घरीच असतेस ना, जरा गॅसवाल्यासाठी थांबशील?’ यात जाते. पाठोपाठ ‘एवढ्या गोधड्यांचं काय करायचंय, ऑनलाइन ब्लँकेट मिळतं’ हेही येतंच. बाईच्या आवडीला तर आवड म्हणूनही कुणी मोजत नाही. तिचं शिवणं काटकसर ठरतं, तिची भिशी चकाट्या ठरतात, दुपारची मालिका ‘तेच ते रडगाणं’ ठरते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर जगलेल्या बाईला पासष्टीत पहिल्यांदा स्वतःची दोन तासांची दुपार सापडली असेल, तर त्या दुपारवर पहारा ठेवायला हवा. तिथेही ‘मेंदूला चालना देणारे खेळ’ घेऊन कुणी येऊ नये.

मुंबईतल्या तीनशे चौरस फुटांत सहा माणसं राहतात, तिथे खुर्चीचा प्रश्न भावनेचा नसतो, इंचांचा असतो, हेही मला दिसतं. अशा घरात काही ना काही जाणारच. काय जायचं आणि काय राहायचं, हे ठरवायच्या बैठकीत ज्याची वस्तू आहे तो हजर असावा, एवढीच माझी मागणी आहे. बघा, ती केवढीशी आहे.

आणि ती नुसती हौसेची नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी केलेला एक प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तुमच्या खोलीतलं सामान कसं लावायचं ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, हवं ते रोप निवडा आणि तुम्हीच त्याला पाणी घाला. दुसऱ्या मजल्यावर तीच रोपं, तोच सिनेमा, तीच माया. फक्त ठरवणार कर्मचारी आणि पाणीही तेच घालणार. काही आठवड्यांतच पहिला मजला जास्त हिंडता-फिरता, जास्त बोलता, जास्त खूश दिसू लागला. दीड वर्षानंतरच्या मृत्यूंच्या तुलनेवर पुढे आकडेशास्त्राचा वाद झाला, तो सोडून देऊ. मला त्यातली सामान लावण्याची गोष्ट पुरे आहे. दोन्ही मजल्यांवर प्रेमाची कमतरता नव्हती. फरक होता तो कुणी ठरवायचं याचा.

आपला २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा पाहिला तर त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. रेडिओ, मेतकूट, खुर्ची यांचा उल्लेख नाही, कायद्याने तो करावा अशी अपेक्षाही नाही. पण त्याच कायद्यात मुलांची जबाबदारी सांगताना म्हटलं आहे की ज्येष्ठांना सर्वसाधारण आयुष्य जगता यावं इथपर्यंत ती पोचते. सर्वसाधारण आयुष्य म्हणजे काय, याची व्याख्या तिथे नाही. माझ्या मते ज्याच्या-त्याच्या खुर्चीत बसून, ज्याला-त्याला चवीचं वाटेल ते खाऊन, नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणता येणं ते सर्वसाधारण आयुष्य. साठ ओलांडलेल्या माणसापुढे या देशात सरासरीने अजून अठराएक वर्षं असतात. एवढी वर्षं पाहुण्यासारखं अंग चोरून काढायची नसतात.

अंघोळघरातला घसरणारा पाट उचला, भिंतीला धरायला दांडी बसवा, पायात येणारी चटई काढा, अंधाऱ्या पॅसेजमध्ये दिवा लावा. यात विचारायचीही फार गरज नाही, पडून खुबा मोडला तर आवडीनिवडी सगळ्याच संपतात. बाकीच्या गोष्टींना हात लावण्याआधी मात्र विचारा. ‘विचारलं होतं की, ते काही बोललेच नाहीत’ ही पळवाट नको. म्हातारी माणसं मुलांच्या घरात पहिल्या खेपेला ‘चालेल’च म्हणतात. दुसऱ्यांदा विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर ते ऐका.

आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या महिन्याच्या व्याख्यानाला बाहेरचा वक्ता बोलावू नका. समोरच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी कुणाला तरी माइक द्या आणि विषय ठेवा, ‘मी काय सोडणार नाही’. सभागृह भरेल, आणि त्या दिवशी मुलांना आणि सुनांनाही आवर्जून बोलवा.